गुडमारच्या अकरा वेली

मेडिकलचा प्रवेश हुकला आणि मी सांगलीच्या मावशीकडचं सामान दोन बॅगांत भरून चेन्नईला आईबाबांकडे राहायला आले. बाबांची बदली आदल्याच वर्षी झाली होती. शहराबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात ते तपासणी विभाग सांभाळत. सकाळी सहाला कंपनीची बस त्यांना घेऊन जाई आणि दिवेलागणीला आणून सोडी. उरलेला दिवस आई आणि मी वेस्ट मांबलममधल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यायची असं ठरलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं आणि मी मान हलवली होती. खिडकीपाशी टेबल मांडून मी जीवशास्त्राचं पुस्तक उघडायची, आणि दुपारी आई जेवायला हाक मारी तेव्हा ते त्याच पानावर उघडं असायचं. त्या वर्षी मला कोणाशी बोलावंसं वाटत नसे. सांगलीच्या मैत्रिणींची पत्रं येत, कोण कुठल्या कॉलेजात गेली ते सांगणारी. मी ती न वाचता वह्यांखाली सारून ठेवी.

शहरात पाण्याची फार टंचाई होती. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पाण्याची लॉरी गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवी आणि साऱ्या बिल्डिंगांतून हिरव्या, केशरी, निळ्या प्लॅस्टिकच्या घागरी धावत सुटत. आई तमिळ शिकली ती त्या रांगेत. पहिला शब्द 'तण्णी', म्हणजे पाणी, आणि दुसरा 'वरिसै', म्हणजे रांग. तिसरा शब्द बरेच महिने आला नाही. सकाळी फुलवाल्या बाईची लांबलचक 'पूऽऽ' अशी हाक, मग एकामागून एक कुकरच्या शिट्ट्या, मग स्टेशनाकडून येणारा इलेक्ट्रिक ट्रेनचा भोंगा, आणि दुपारी एक ते चार काहीच नाही, नुसतं ऊन. त्या तीन तासांत आई पलंगावर पडून छताकडे बघत राही. तिला तिकडे किती एकटं वाटत होतं हे मला तेव्हा कळलं नाही. माझं दुःख इतकं मोठं होतं की त्यात दुसऱ्या कोणाच्या दुःखाला जागा नव्हती.

घरमालक खाली राहत. सेतूराव आणि त्यांच्या पत्नी तुळजाबाई. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, आणि घरात बोलायची भाषा मराठी. पण कसली मराठी! पोथीतून उठून आल्यासारखी, आणि वर तमिळ हेल. आईबाबा राहायला आले त्या पहिल्या दिवशी तुळजाबाई एक वाटी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "हें घ्या. डांगर पच्चडी म्हणतात. तुमच्याकडे कोठें असेल हें!" आईने झाकण काढलं, तर उडदाचं पीठ दह्यात कालवून वर हिंगाची फोडणी. "अहो, हे तर आमचं डांगर!" असं म्हणून आई तिथेच उंबऱ्यात उभी राहून रडायला लागली. तुळजाबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, वाटीत काही पडलंय. ही गोष्ट आईने मला नंतर पुष्कळदा सांगितली आणि प्रत्येक वेळी हसता हसता तिचे डोळे भरून येत. पुढे दोघींची वाट्यांची देवाणघेवाण सुरूच राहिली. खालून पालकाची आंबट भाजी येई, वरून शेंगदाण्याचे लाडू जात.

सेतूराव वनखात्यात रेंजर होते, निवृत्त झालेले. उंच, काळेसावळे, कान थोडे पुढे आलेले, आणि चालताना सतत वर बघत चालायची सवय. रस्त्यात दोनदा सायकलवाल्यांशी टक्कर झालेली. निवृत्तीनंतर ते एका खाजगी ट्रस्टच्या लागवडीचं काम बघत. तांबरमच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी ते जंगल होतं. बाहेरच्या बाजूला ओळीने लावलेले साग, कडुनिंब, थोडं चंदन, आणि मधोमध कोणी न लावलेली, आधीपासूनची झाडी. आठवड्यातून तीन दिवस पहाटे ते निघत. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"बाळ, पुस्तक दिवसभर उघडें ठेवून कोणी डाक्टर होत नाहीं," ते म्हणाले. "उद्यां पांचाला खालीं ये. जुनी चप्पल नको. बूट घाल."

मी का गेले, सांगता येत नाही. बहुधा त्या टेबलापासून सुटका म्हणून.

ट्रेनने तांबरम, तिथून बस, मग मैलभर पायी. वळण घेतलं आणि समोर ते जंगल दिसलं तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले. रानाचा सगळा माथा गुलाबी होता. नाजूक झुबके, हजारोंनी, झाडांच्या शेंड्यांवरून ओघळत खाली आलेले. बाकी सगळा मुलूख पाण्यावाचून करपलेला, आणि हे इतकं ताजं, हिरवं, गुलाबी. "किती सुंदर!" मी म्हणाले.  सेतूरावांनी माझ्या दंडाला धरून मला त्या गुलाबी पडद्याच्या आत नेलं. आत अंधार होता. सागाची झाडं होती, पण पानं नव्हती. काही वाकून कमान झालेली, काही मोडलेली, काही उभ्या उभ्या वाळलेली. खाली गवताचं पातं नाही, एक रोप नाही. वर भार, खाली सावली, आणि मध्ये गळा आवळलेली झाडं.

ती वेल मी ओळखत होते. सांगलीच्या आमच्या शाळेच्या कुंपणावर हीच होती. आम्ही तिला आइस्क्रीमची वेल म्हणायचो आणि फुलं केसात माळायचो. मूळची ती फार दूरच्या देशातली. ट्रस्टच्या जुन्या बंगल्याच्या फाटकावर कोणीतरी शोभेसाठी लावली होती. फाटकावरून ती कुंपणावर गेली, कुंपणावरून पहिल्या सागावर, आणि मग तिला कोणी विचारलं नाही.

"कापून टाकायची ना मग?" मी विचारलं.

"कापील कोणीहि," सेतूराव म्हणाले. "कापली कीं तिला बरेंच वाटतें. खालीं कंद बसला आहे. एकाच्या जागीं चार फुटतील."

काम कसं चाले ते सांगते, कारण आजही पुष्कळांना वाटतं की वेल काढणं म्हणजे ओढून फेकणं. ओढायचं अजिबात नाही. ओढली तर वरच्या फांद्या मोडून अंगावर येतात. गुडघ्याच्या उंचीवर कोयत्याने कापायची, वरचा भाग झाडावरच वाळू द्यायचा. मग पहारीने मूळ धरून खणत जायचं. कंद रताळ्यासारखे, माळेत ओवल्यासारखे एकापुढे एक. एकही तुकडा मातीत राहिला तर सगळी मेहनत फुकट. ते गोणीत भरायचे, कातळावर पसरून कडकडीत वाळवायचे, मग जाळायचे. महिन्याने त्याच जागी परत यायचं आणि जमिनीतून डोकावणारं हृदयाच्या आकाराचं प्रत्येक पान शोधायचं. आणि या सगळ्याच्या आधीचा एक नियम, जो सेतूरावांनी मला पहिल्याच दिवशी तीनदा म्हणायला लावला: पान पाहिल्याशिवाय कोयता लावायचा नाही. कारण त्या रानात रानाच्या स्वतःच्या वेलीही होत्या. खोडाशी सगळ्या सारख्याच दिसतात. नजर बुंध्यापासून वर नेत नेत पानापर्यंत पोचली पाहिजे.

कामाला सहा इरुळ बाया येत. पूर्वापार रानात राहणारी, रानावर जगणारी ही माणसं. त्यांचा पाडा टेकडीच्या दुसऱ्या अंगाला होता. बायांवर देखरेख करायला ट्रस्टचा एक मेस्त्री होता, पण खरं काम चाले ते कन्नियम्मा नावाच्या बाईच्या शब्दावर. पन्नाशीची असेल. बुटकी, काटक, डाव्या हातात कोयता, तोंडात सतत काहीतरी चघळलेलं. ती मला 'पाप्पा' म्हणे, म्हणजे पोरी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला तमिळ धड येत नव्हतं, त्यामुळे आमचं बरं जमलं. ती मातीवर बोटाने दाखवी, मी खणी. कंद तुटला की ती चक् असा आवाज काढी. सुरुवातीचे पंधरा दिवस मी दिवसभर तो आवाज ऐकला.

एका दुपारी जेवणं झाल्यावर तिने एका वेलीची दोन पानं तोडून माझ्या हातावर ठेवली आणि चावायची खूण केली. कडवट, पालेभाजीसारखी चव. मग तिने माझ्या डब्यातल्या, आईने दिलेल्या लाडवाकडे बोट दाखवलं. मी लाडू तोंडात टाकला आणि थुंकूनच टाकला. गोडवा नावाला नाही. वाळू चावल्यासारखं. सगळ्या बाया पोट धरून हसत होत्या. ती गुडमार. सिरुकुरिंजान म्हणतात तिकडे. साखरेच्या आजारावरचं औषध. त्या रानातल्या गुडमारचा पाला खुडायची परवानगी ट्रस्टने कन्नियम्माला दिलेली होती. ती तो सावलीत वाळवून मांबलमच्याच एका औषधी दुकानाला देई. खुडताना ती वेलीला हात कसा लावी ते मी पाहिलं होतं. आपण लेकराच्या डोक्यातली ऊ काढतो तसं, एकेक पान, फांदी न हलवता.

दोन महिने गेले. हाताला घट्टे पडले, रात्री पडल्या पडल्या झोप लागू लागली आणि सांगलीची पत्रं मी एका रविवारी बसून वाचून काढली. त्याच रविवारी जेवताना मी बाबांना म्हटलं की मला मेडिकलची परीक्षा द्यायची नाही, वनशास्त्र शिकायचंय. बाबांनी भाकरी ताटात ठेवली. "झाडं मोजायला शिकायचंय?" ते म्हणाले. मग संध्याकाळी सेतूराव वर आले. कॉफीचा पेला हातात तसाच धरून बसले आणि म्हणाले, "हिची नजर चांगली आहे. मी चाळीस वर्षें पोरांना रान दाखविलें. सगळ्यांस झाडें दिसतात. हिला वेल दिसते. कॉलेजास लागेल तें पत्र मी लिहून देतों." बाबांनी पुढे विरोध केला नाही. मला त्या रात्री छातीत काहीतरी फुगून आल्यासारखं होत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी, गुणपत्रिका न बघता, मला चांगलं म्हटलं होतं.

आणि चारच दिवसांनी मी ते केलं.

सेतूरावांना ताप होता म्हणून मी एकटीच गेले होते. बाया पश्चिमेच्या कुंपणाशी खणत होत्या. मी मेस्त्रीला सांगितलं की मी आतल्या बाजूला कुठेतरी कापायचं काम सुरू करते, पहारी घेऊन बाया मागाहून येतील. मी निवडलं ते मोहाचं झाड फार जुनं होतं, दोघांच्या कवेत न मावणारं, आणि वरचा सगळा घेर गुलाबी फुलांनी झाकलेला. बुंध्यावरून दोरखंडांसारख्या वेली वर गेलेल्या. मी वर पाहिलं. गुलाबी दिसलं. माझी नजर चांगली आहे, मला माहीत होतं. मी कोयता लावला. मनगटाएवढ्या, अंगठ्याएवढ्या, एकामागून एक. कापताना मोजत होते, कारण सेतूरावांना आकडा सांगायचा होता. अकरा. मग अंधारून यायच्या आत बस पकडायची म्हणून मी निघाले. घरी आल्यावर त्यांना म्हटलंही, "एक मोठं झाड मोकळं केलं." तापातही त्यांनी हात उंचावून मला शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मोहाखाली उभी राहिले आणि वर पाहिलं. वरची गुलाबी फुलं तशीच टवटवीत होती. त्या गुलाबी वेली शेजारच्या झाडांवरून, वरच्या वरून आल्या होत्या. मलूल होऊन लोंबत होती ती दुसरीच पानं. लहान, लांबट, समोरासमोर दोन-दोन. एक फांदी हाताला येत होती. मी पान तोडलं आणि चावलं. कडवट. डबा उघडला, लाडवाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला.

वाळू.

मी तो तुकडा गिळला. थुंकायचं धैर्य झालं नाही. किती वर्षांच्या वेली असतील त्या? मोहाच्या बरोबरीने वाढलेल्या असतील. त्या साऱ्या रानात गुडमारचा एवढा पसारा दुसरीकडे कुठे नव्हता.

मी सांगायला निघाले होते, हे खरं आहे. पण पंचवीस पावलं गेले नसेन तोवर मागून मेस्त्रीच्या ओरडण्याचा आवाज आला आणि मी परत फिरले. तो दुसऱ्या वाटेने मोहापाशी पोचला होता आणि त्याने बायांना तिथे बोलावलं होतं. पाला एकेक खुडायचा कंटाळा आला म्हणून कन्नियम्माने वेलीच कापल्या, म्हणजे वाळलेला सगळा पाला एकदम ओरबाडता येईल, असं त्याचं म्हणणं. इथे पाला घेणारी दुसरी कोण आहे? कन्नियम्मा एकदाच म्हणाली, "नान इल्लै." मी नाही. मग ती गुडघ्यावर बसली आणि कापलेल्या बुंध्यांवरून बोट फिरवत राहिली, एकेक करून सगळ्या. मेस्त्री बोलत होता तिकडे तिचं लक्षही नव्हतं. मी हातात रिकामी गोणी घेऊन उभी होते. तिने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या झाडाकडे, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. मेस्त्रीने तिला फाटकाबाहेर काढलं आणि पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. तिच्या मागे तिची सून गेली, तीही त्या सहांतलीच. मी बोलले नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त एक वाक्य होतं, 'हिची नजर चांगली आहे', आणि ते वाक्य मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

आज या वयात मी स्वतःला पुष्कळ गोष्टी माफ केल्या आहेत. अठरा वर्षांच्या पोरीची घाईही माफ केली. ती गोणी धरून उभी राहिलेली मुलगी मात्र अजून मला नीट बघवत नाही.

तीन दिवस मी घरातच राहिले. डोकं दुखतंय म्हटलं. सेतूराव ताप उतरून उठले तेव्हा मेस्त्रीचा निरोप त्यांना मिळाला होता. ते आईपाशी नुसतंच म्हणाले, "कन्नियम्मा असें करील असें वाटलें नव्हतें," आणि खाली गेले. तिसऱ्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी ताटावर बसले होते आणि कालवण नुसतं ढवळत होते.

"कोणी काही बोललं का तुला?" आईने पाठमोरीच विचारलं.

"नाही."

"मग तूच काही बोलायची राहिलीयेस."

मी सगळं सांगितलं.  आईने तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "ऊठ." मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. "उद्या नाही," आई म्हणाली. "ती बाई तीन दिवस घरी बसलीय."

सेतूराव जेवत होते. तुळजाबाई त्यांना रसवांगी, म्हणजे वांग्याची आंबट आमटी, वाढत होत्या. मी दारात उभ्या उभ्याच बोलले, भरभर, जमिनीकडे बघत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"किती कापल्यास?"

"अकरा."

"मुळें खणलींस?"

"नाही. पहार नव्हती जवळ."

मुळं शाबूत होती, तेवढ्याने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग ते पुन्हा कठीण झाले. मी म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा."

"मला सांगून काय होणार, बाळ?" ते म्हणाले. "मी कोठें फाटकाबाहेर आहें?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो. आई येणार हे कोणी ठरवलं नव्हतं, ती साडी नेसून तयार होऊन जिन्यात उभी होती. इरुळांच्या पाड्यात आठ-दहा झोपड्या होत्या. कन्नियम्मा दारात बसून सुपात काहीतरी पाखडत होती. वाटेत ट्रेनमध्ये मी सेतूरावांकडून तमिळ वाक्यं पाठ करून घेतली होती, चांगली लांबलचक, क्षमेची. तिच्यासमोर उभी राहिले आणि त्यातलं एकही आठवेना. तोंडातून एवढंच आलं, "नान दान वेट्टिनेन." मीच कापल्या.

तिने सूप खाली ठेवलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. पुढचं बोलणं सेतूराव हळू आवाजात मराठीत सांगत गेले. "मी डावखुरी आहे, पोरी. ते काप उजव्या हाताचे होते. बोट लावल्याबरोबर कळलं."

"मग मेस्त्रीला का नाही सांगितलं?"

"त्याला माझे हात कधी दिसलेत?" ती म्हणाली. आणि मग, पाखडायचं थांबवून, "तू बोलशील म्हणून मी फाटकापाशी दुपारपर्यंत बसले होते."

मला रडू फुटलं. तिने मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ती रागावलेली होती आणि राग लपवायची तिला गरज वाटत नव्हती. आई पुढे झाली. तिच्याकडे तमिळचे चार शब्द. तिने नुसते हात जोडले आणि कन्नियम्मासमोर मातीत बसली. मग कन्नियम्मा उठली आणि म्हणाली, "जिथे तो बोलला तिथे सांग. सगळ्यांसमोर."

मोहाखाली मी सगळ्यांसमोर सांगितलं. मेस्त्री बूट जमिनीवर घासत राहिला आणि शेवटी "ठीक आहे, ये कामावर" असं म्हणाला. कन्नियम्मा मोहाच्या सावलीबाहेरच उभी राहिली. सेतूराव पुढे झाले आणि तमिळमध्ये म्हणाले की चूक त्यांची आहे, नजर बसायच्या आधी त्यांनी या मुलीच्या हातात कोयता दिला. चाळीस वर्षं रानात काढलेला माणूस सहा मजूर बायांसमोर मान खाली घालून उभा होता, आणि तो माझ्यामुळे. ते ऐकून मेस्त्रीलाही तोंड उघडावं लागलं. तो कन्नियम्माकडे बघून म्हणाला, "मी न बघता बोललो." मगच ती आत आली.

आत आल्यावर तिने कोणाशीही न बोलता अकराही बुंध्यांभोवतीची माती हाताने मोकळी केली, त्यावर पालापाचोळा लोटला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तण्णी."

विहीर अर्ध्या मैलावर होती आणि तिच्यात तळाशी थोडंसं पाणी. पाऊस लागेपर्यंत दर खेपेला मी दोन-दोन घागरी वाहून त्या बुंध्यांना पाणी घातलं. त्या दिवसांत मला कोयता मिळाला नाही. सेतूरावांनीही दिला नाही आणि मीही मागितला नाही. मी पाणी वाहिलं, गोण्या वाहिल्या आणि दुपारी कन्नियम्माच्या मागे मागे फिरून वर बघायला शिकले. ती एकेका वेलीपाशी थांबे आणि मी पानापर्यंत नजर नेऊन नाव सांगितल्याशिवाय पुढे सरकत नसे. चुकलं की चक्.

ऐप्पसीचा, म्हणजे तिकडच्या दिवाळीच्या महिन्यातला, पाऊस त्या वर्षी उशिरा आला, पण आला. महिन्याभराने सात बुंध्यांना पोपटी कोंब फुटले. चार फुटले नाहीत. आम्ही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली. त्या चार वेली शेवटी बोटाने टोकरल्यावर भुसा होऊन पडल्या.

सेतूरावांनी कॉलेजसाठीचं पत्र लिहून दिलं. त्यात काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. खूप वर्षांनी त्याची प्रत मला मिळाली. इतर स्तुतीच्या मध्ये एक ओळ होती की ही मुलगी चुकते तेव्हा उशिरा का होईना सांगते. आता मी सह्याद्रीतल्या राखीव रानांत हेच काम करते. परदेशी वेली वेगळ्या, कंद वेगळे, बाकी सगळं तेच. नव्या मुलांना पहिल्या महिन्यात मी कोयता देत नाही, आणि का देत नाही तेही सांगते.

माझ्या लग्नाचं रिसेप्शन चेन्नईला, घराजवळच्याच एका छोट्या हॉलमध्ये झालं. कन्नियम्मा आली होती, सुनेला आणि नातवाला घेऊन, कडक इस्त्रीच्या साडीत. स्टेजवर येऊन तिने मला नीट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंचा हात धरला आणि मोठ्या आवाजात, माझ्याकडे बोट दाखवून बरंच काही बोलली. सासूबाई साताऱ्याच्या. त्यांना तमिळचं अक्षर कळत नव्हतं. त्या हसून मान डोलवत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "काय म्हणतायत गं त्या? आशीर्वाद देतायत का?"

खाली रांगेत लोक खोळंबले होते. फोटोवाला हात हलवत होता. 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं.

"त्या म्हणतायत," मी म्हटलं, "हिने माझ्या चार वेली मारल्या. दोष माझ्यावर आला तेव्हा ही तीन दिवस गप्प बसली. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन हिनंच सांगितलं. सांभाळून घ्या."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कन्नियम्माकडे. तिचा हात त्यांनी सोडला नव्हता. "बसा इथं माझ्याजवळ," त्या तिला मराठीतच म्हणाल्या, "आणि सगळं पहिल्यापासून सांगा."